जातिवंत घोडा आणि शेतकऱ्याची घोडी

उमद्या घोड्याची किंमत किती आली, याची चर्चा आपण पुष्कळदां ऐकतों. परंतु तसा घोडा निपजविण्यासाठीं कोणी किती वर्षें आणि किती पैसा खर्ची घातला, हें सहसा कोणी सांगत नाहीं. आजच्या भाषणांत तोच विषय मांडावयाचा आहे. त्यासाठीं मीं ऑस्ट्रेलियांतील एका जिल्ह्याचें उदाहरण घेतलें आहे. न्यू साउथ वेल्स प्रांतांत, सिडनी शहराच्या उत्तरेस, हंटर नांवाची नदी न्यूकॅसल बंदरापाशीं समुद्रास मिळते. या नदीचें खोरें म्हणजे एकोणिसाव्या शतकांतील इंग्रज वसाहतीचा एक नामांकित शेतीचा मुलूख. आपल्या देशाशीं त्याचा संबंध निकटचा होता. हिंदुस्थानांतील इंग्रजी रिसाल्यांत आणि तोफखान्यांत 'वेलर' या नांवानें जो घोडा गाजला, तो या प्रांताचा. 'वेल्स' या नांवावरूनच त्याला तें नांव पडलें.

ऑस्ट्रेलियांत मुळांत घोडा नव्हताच. १७८८ मध्यें पहिले वसाहतवाले तेथें उतरले, तेव्हां वाटेंत केप ऑफ गुड होप येथें घेतलेला एक घोडा, तीन घोड्या आणि तीन शिंगरें एवढीच त्यांची पागा होती. पुढें इंग्लंडांतून जातिवंत घोडे आले; हिंदुस्थानांतूनहि अरबी घोडे गेले. परंतु कित्येक महिन्यांच्या सागरी प्रवासांतून जिवंत उतरलेल्या घोड्याची किंमत देणें सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरचें होतें. त्याच्याजवळ नांगराला, गाडीला आणि स्वारीलाहि चालणाऱ्या एक-दोन घोड्या असावयाच्या. त्यांच्यापासून चांगलें शिंगरूं व्हावें, तर चांगला घोडा हवा. आणि तो विकत घेण्याची तर ऐपत नाहीं. ही अडचण ज्या व्यवस्थेनें सुटली, ती अगदीं साधी होती. ज्याच्याजवळ जातिवंत घोडा असेल त्यानें तो हंगामापुरता ठराविक शुल्क घेऊन सर्वांच्या घोड्यांसाठीं खुला ठेवावयाचा.

दक्षिण गोलार्धांत वसंत ऋतु सप्टेंबरांत सुरू होतो. घोडी अकरा महिने गाभण राहते, म्हणून वसंतांत घोडा दाखविला कीं पुढल्या वसंतांत, कोंवळें गवत वर आलेलें असतांना, शिंगरूं जन्मास येतें. त्या सुमारास वर्तमानपत्रांत घोड्यांच्या जाहिराती झळकूं लागत. १८४३ मध्यें निघालेलें 'मेटलंड मर्क्युरी' हें या खोऱ्याचें पत्र. अशा पत्रांतील जाहिरातींत काय असे? आधीं घोड्याचें नांव, रंग, वय आणि उंची. उंची मुठींत सांगत. एक मूठ म्हणजे चार इंच. मग बाप कोण, आई कोण, आईचा बाप कोण, अशी वंशावळ. त्यानंतर शर्यतींत किंवा प्रदर्शनांत मिळविलेलीं बक्षिसें; आणि शेवटीं शुल्क. तें बहुधा गिनींत, म्हणजे एकवीस शिलिंगांच्या हिशेबांत, सांगितलेलें असे.

परंतु शहाणा शेतकरी जाहिरातीचा शेवटचा भाग आधीं वाची, कारण खऱ्या अटी तेथें असत. मोतद्दाराची रक्कम शुल्काहून वेगळी. बाहेरगांवची घोडी चरावयास ठेवली, तर कुरणाचें भाडें निराळें. सर्व पैसे चुकते झाल्याशिवाय घोडी परत न्यावयाची नाहीं. काळजी घेतली जाईल. मात्र घोडी पळाली, जायबंदी झाली वा मेली, तर मालक जबाबदार नाहीं! कांहीं मालक मात्र घोडी गाभण न राहिल्यास पुढल्या हंगामांत ती विनामूल्य दाखवूं देत. ही सवलत मोठी होती. घोडी रिकामी राहिली, तर शेतकऱ्याचें एक सबंध वर्ष बुडे, आणि तें वर्ष कोणतेंहि शुल्क परत करून भरून निघण्यासारखें नव्हतें.

कित्येक घोडे एका जागीं न राहतां फिरतीवर असत. मोतद्दार घोड्यास हातीं धरून ठरलेल्या वाटेनें गांवोगांव जाई. अमक्या वारीं अमक्या खानावळीपाशीं मुक्काम, हें आधींच जाहीर केलेलें असे. घोडी साधारणपणें एकवीस दिवसांनीं माजावर येते आणि तो माज पांच-सात दिवस टिकतो. म्हणून घोडा त्याच वाटेनें पुनःपुन्हां येत राहणें आवश्यक असे. शेतकऱ्यास यांत मोठी सोय होती. पेरणीच्या दिवसांत घोडीला औतावरून सोडून चाळीस मैल नेण्याची त्याला गरज पडत नसे.

आतां एका घोड्याचें महत्त्व घोडीहून इतकें अधिक कां, हें पाहूं. घोडी वर्षांतून एकच शिंगरूं देते. घोड्याला एका हंगामांत चाळीस-पन्नास घोड्या दाखवितां येतात. समजा, पन्नास घोड्यांपैकीं तीस गाभण राहून व्याल्या, आणि तोच घोडा पांच वर्षें त्या भागांत राहिला. तर त्याचीं दीडशें शिंगरें त्या खोऱ्यांत वाढतील. अशा रीतीनें त्याची रुंद छाती, भक्कम पाय आणि शांत स्वभाव दीडशें घरांत जाऊं शकतो. परंतु त्याचे खूर ठिसूळ असतील, किंवा धांवतांना त्याच्या घशांतून घरघर निघत असेल, तर तो दोषहि त्याच वाटेनें जातो. खाजगी तबेल्यांत बांधलेला वाईट घोडा एका मालकाला बुडवील. गांवोगांव फिरणारा वाईट घोडा सबंध जिल्ह्याला बुडवितो.

येथें वंशावळीचा खरा अर्थ समजून घेतला पाहिजे. इंग्लंडांत जातिवंत घोड्यांचें नोंदणी-पुस्तक १७९१ मध्यें प्रथम निघालें. ऑस्ट्रेलियाचें स्वतःचें पुस्तक १८७८ मध्यें. अशा पुस्तकांतील नोंदीमुळें घोड्याचे पूर्वज कोण, हें निश्चित कळतें आणि फसवणुकीस आळा बसतो. ज्याचें कूळ पिढ्यान्‌पिढ्या निवडीनें जोपासलेलें आहे, तो आपले गुण साध्या घोडीच्या शिंगरांत अधिक भरंवशानें उतरवितो. साध्या घोडीस जातिवंत घोडा दाखविला, तर पहिल्या पिढींत निम्में रक्त येतें. त्या शिंगरीस पुन्हां जातिवंत घोडा दाखविला, तर तीन चतुर्थांश. आणि तिसऱ्या पिढींत सात अष्टमांश. कागदावर हा हिशेब एका ओळींत संपतो. परंतु शिंगरी तीन वर्षांची झाल्यावांचून तिला घोडा दाखवीत नाहींत आणि मग अकरा महिने जातात; म्हणजे एका पिढीस चार वर्षें आणि तीन पिढ्यांस बारा. इतका धीर धरणाऱ्या शेतकऱ्यालाच या व्यवस्थेचा पुरता लाभ झाला.

मात्र वंशावळ पूर्वजांची साक्ष देते. समोर उभ्या असलेल्या घोड्याच्या पायांची साक्ष ती देत नाहीं. मोठ्या बापाचा मुलगा वांकड्या गुडघ्यांचा निघूं शकतो. शर्यतीचा घोडा दोन-तीन मिनिटें वायुवेगानें धांवतो. फौजेचा घोडा दिवसभर स्वार, खोगीर आणि शिधा पाठीवर घेऊन चालतो. नांगराचा घोडा जड मातींत रेटा देतो. या तिन्ही कामांस एकच शरीर पुरत नाहीं. म्हणून नांगरासाठीं क्लाइड्सडेलसारखे जड जातीचे घोडे आणले गेले, आणि स्वारीच्या व फौजेच्या घोड्यांसाठीं शर्यतीच्या जातीचें रक्त साध्या, काटक घोड्यांत मिसळण्यांत आलें. वेलर हा अशा मिश्रणाचाच परिणाम होय. कलकत्ता, मद्रास आणि मुंबई येथें जहाजांतून उतरल्यावर खरेदी करणारे अधिकारी त्याचे पाय, पाठ आणि दम पाहत. हंटरच्या खोऱ्यांत कित्येक वर्षांपूर्वीं कोणता घोडा पसंत केला होता, त्याचा निकाल असा समुद्रापलीकडे लागत असे.

आकस्मिक भाग्याचीं उदाहरणेंहि घडलीं. १८७८ मध्यें मस्केट नांवाचा घोडा इंग्लंडांतून न्यूझीलंडांत आणला. त्याच्यापासून प्रामुख्यानें गाडीचे आणि साध्या कामाचे घोडे निपजावे, अशी प्रारंभीं अपेक्षा होती. त्याचेंच १८८५ मध्यें जन्मलेलें शिंगरूं म्हणजे कारबाइन. त्यानें त्रेचाळीस शर्यतींपैकीं तेहेतीस जिंकल्या, आणि १८९० चा मेलबर्न कप एकोणचाळीस घोड्यांत, जबर वजन पाठीवर असतांना, मिळविला. १८९५ मध्यें तो १३,००० गिनींस इंग्लंडांत विकला गेला, आणि त्याच्या स्पिअरमिंट या पुत्रानें १९०६ चा डर्बी जिंकला. अशा कथा ऐकून पुष्कळांनीं नांवाच्या मागें लागून पैसा गमाविला असेल. शेतकऱ्याची खरी मिळकत, ज्यांचें नांव कोठेंहि छापून आलें नाहीं अशा घोड्यांवर होती. चार वर्षांचा, निर्दोष, ओझें ओढणारा घोडा बाजारांत नेला आणि विकून आला, एवढेंच त्याला हवें होतें.

हिंदुस्थानांत सरकारनें निराळा मार्ग धरला. १८७६ नंतर नव्या अश्वपैदास खात्यानें सरकारी घोडे जिल्ह्याजिल्ह्यांत ठेवले; अधिकाऱ्यांनीं पसंत केलेल्या घोडीवर डाग द्यावयाचा आणि तिला सरकारी घोडा विनामूल्य दाखवावयाचा, अशी ती योजना होती. येथें शुल्काचा भार नव्हता, पण निवडहि सरकारची होती. वसाहतींत निवड शेतकऱ्याची होती, आणि चुकीचा भुर्दंडहि त्याचाच. शेवटीं खुद्द इंग्लंडांतहि केवळ ग्राहकाच्या पारखीवर विसंबून भागेना. १९१८ च्या कायद्यानें गांवोगांव फिरणाऱ्या पैदाशीच्या घोड्यास परवाना आवश्यक ठरविला, आणि वाईट दोष असलेल्या घोड्यास तो नाकारण्याचा अधिकार सरकारनें घेतला.

पुढें मोटारी आणि ट्रॅक्टर आले, नांगराचा घोडा गेला, रिसाल्यांचीं खोगिरें उतरलीं, आणि वेलरचा व्यापारहि संपला. हंटरचें खोरें मात्र आजहि शर्यतीच्या घोड्यांच्या पैदाशीसाठीं जगभर प्रसिद्ध आहे. १९९० मध्यें डेनहिल हा घोडा उत्तर गोलार्धाचा हंगाम संपवून तेथील हंगामासाठीं आणला गेला. तेव्हांपासून विमानानें फिरणारे घोडे ही तेथें नित्याची गोष्ट झाली आहे. शर्यतीच्या जातींत कृत्रिम रेतन नियमानें वर्ज्य असल्यामुळें घोडी आणि घोडा यांना आजहि प्रत्यक्ष एकत्र आणावें लागतें.

आपल्याकडील शेतकऱ्यानें या हकीकतींतून काय घ्यावें? गाईला वळू दाखवावयाचा असो, कीं रेतनासाठीं वळूची निवड करावयाची असो, प्रश्न तोच आहे. त्या वळूच्या नांवाची आणि घराण्याची चौकशी अवश्य करावी. पण शक्य असेल तर आसपासच्या चार गोठ्यांत जाऊन त्याचीं वासरें डोळ्यांनीं पाहावीं, तीं कशीं चालतात, त्यांचे खूर कसे आहेत, दावणीला शांत उभीं राहतात कीं नाहीं, हें न्याहाळावें, आणि मगच आपली गाय दावणीची सोडावी.