सातव्या प्रश्नाचे तीन गुण

आज मनाच्या चिवटपणाची मोजपट्टी उघडायची, असं ठरलं होतं. ती पुढच्या रविवारी. मिरजेहून एका निवृत्त इन्चार्ज सिस्टरांचं पत्र आलं आहे आणि ते बाजूला सारून पुढे जाणं मला जमेना.

गेल्या खेपेला आपण चिंता मोजणारी सात प्रश्नांची पट्टी पाहिली, तिच्यातल्या शेवटच्या प्रश्नावर त्यांनी बोट ठेवलंय. काहीतरी भयंकर घडेल अशी भीती किती दिवस वाटली? गुण शून्य ते तीन. त्या विचारतात, ‘२०२१ च्या एप्रिलात नाईटला ऑक्सिजनचा टँकर अजून वाटेतच आहे, हे माहीत असलेल्या मुलीने इथे शून्य लिहायचं होतं का?’

नाही, सिस्टर. तिने तीनच लिहायचे. ही पट्टी भीती किती आहे ते सांगते, ती खरी की खोटी हे तिला कळत नाही. बेरीज दहा किंवा त्याहून जास्त झाली तर त्या बाईशी बसून बोला, एवढाच तिचा निरोप. भीतीचं कारण खरं असलं तरी उडालेली झोप उडालेलीच असते आणि तिच्यावर उपाय करावा लागतोच. पण कारणाकडे बघायचं काम पट्टीचं नाही, ते वरिष्ठांचं.

म्हणून मी विद्यार्थिनींना दर वर्षी टोरांटोची गोष्ट सांगतो. २००३ चा सार्स. १४ मेला जागतिक आरोग्य संघटनेने टोरांटोचं नाव संसर्गाच्या यादीतून काढलं, १७ मेला प्रांताने आणीबाणी उठवली. साथ संपली, असं सगळे धरून चालले होते. नॉर्थ यॉर्क जनरल रुग्णालयातल्या परिचारिकांना मात्र वॉर्डात न्यूमोनियाचे पेशंट दिसत होते. हा सार्सच आहे, असं त्या सांगत होत्या आणि हा सार्स नाही, असं त्यांना सांगितलं जात होतं. त्याच महिन्यात दुसरी लाट जाहीर झाली. जूनच्या अखेरीस तिथलीच एक परिचारिका सार्सने गेली.

पुढे न्यायमूर्ती आर्ची कॅम्बेल यांच्या आयोगाने हे सगळं खणून काढलं. त्यांच्या अहवालाचा गाभा असा, की शास्त्रीय खात्री होईपर्यंत संरक्षण थांबवून ठेवायचं नसतं. परिचारिकांची भीती ही वॉर्डातून आलेली बातमी होती आणि ती कोणी घेतली नाही, असं मी त्यावरून शिकलो.

या साथीचा कर्मचाऱ्यांच्या मनावर पुढे काय परिणाम राहिला, याचा माग रॉबर्ट माँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढला. साथीनंतर वर्ष-दोन वर्षांनी त्यांनी टोरांटोच्या नऊ रुग्णालयांतले कर्मचारी आणि सार्सचे पेशंट न पाहिलेल्या हॅमिल्टनमधले कर्मचारी यांची तुलना केली. टोरांटोच्या लोकांचा थकवा, मनावरचा ताण अजून उतरला नव्हता, कित्येकांनी कामाचे तास कमी करून घेतले होते. स्वभावाचा त्यात वाटा होताच. पण आपल्याला पुरेसं शिकवलं, पाठीशी कोणी उभं राहिलं, असं ज्यांना वाटलं ते बरेच सावरलेले होते.

२०२० मध्ये माझ्या एका विद्यार्थिनीने मुंबईतल्या एका रुग्णालयात विचारलं, की एकच एन-९५ किती दिवस वापरायचा? उत्तर मिळालं, ‘तुम्ही योद्ध्या आहात, घाबरायचं नसतं.’ मास्कचं काय ते कोणीच सांगितलं नाही. त्या उत्तराचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. बाईच्या अंगचा चिवटपणा मोजायचा आणि तिला दिलेला मास्क मोजायचा नाही, हा हिशेब मला मान्य नाही. पुढच्या आठवड्याची पट्टी वाचताना हे लक्षात असू द्या.

मिरजेच्या सिस्टरांना आणि कोविडच्या काळात वॉर्डात असलेल्या सगळ्यांनाच एक विनंती. तेव्हा वरिष्ठांना तुम्ही काय सांगितलंत आणि काय उत्तर मिळालं, ते आठवेल तसं लिहून पाठवा. ड्यूटीच्या रजिस्टरात ते कुठेच नाही.