स्थूलता आणि दूरचा मार्गदर्शक

स्थूल माणूस खादाड वा आळशी असलाच पाहिजे, हा समज आपण प्रथम सोडून दिला पाहिजे. आनुवंशिकता, अपुरी झोप, बैठी नोकरी यांचाही त्यात वाटा असतो. शिवाय नोकरदाराने सल्ल्यासाठी दर आठवड्यास रजा तरी किती काढावी?

इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २०२१ साली यावर एक योजना सुरू केली. स्थूलतेच्या जोडीला मधुमेह वा रक्तदाबाचा विकार असलेल्या प्रौढांस तीत १२ आठवडे आहार, व्यायाम व सवयी यांविषयी मार्गदर्शन इंटरनेटवरून घरबसल्या मिळते. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा अंक ३० वा अधिक असावा, ही अट. आशियाई वंशीयांस मात्र २७.५ पुरतो, कारण त्यांना मधुमेह कमी वजनावरच गाठतो. तेथील मराठी मंडळींनी हे ध्यानी ठेवावे.

योजनेचे मर्म आम्हांस निराळेच वाटते. जे मध्येच सोडून देण्याचा संभव अधिक, त्यांना केवळ यंत्रावर न सोपविता मार्गदर्शकाची अधिक सोबत दिली जाते. नोंद यंत्र ठेवील. पण चुकलेल्या आठवड्यानंतर, न रागावता, 'आता पुढे काय करू या?' असे विचारावयास माणूसच हवा. आपल्या घरी कोणी वजनाशी झगडत असेल, तर उपदेशापेक्षा ही विचारपूसच अधिक उपयोगी पडेल.