वाटेत चाकातील हवा गेली तर

हुबळीच्या कमरीपेठेत आमच्या एका स्नेह्यांकडे लग्नकार्य होते. त्यासाठी आम्ही सहकुटुंब बेळगावकडून मोटारीने निघालो होतो. गाडीत आम्ही, आमचे कुटुंब, वृद्ध मातोश्री, दोन लहान मुले आणि गाडी चालविणारा पुतण्या अशी सहा माणसे होती. कित्तूर मागे पडले, धारवाड आले आणि नरेंद्रजवळ आम्ही गावाबाहेरच्या वळणरस्त्यास लागलो. ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. पुण्याहून बंगळूरला जाणारा महामार्ग अलीकडे पलीकडे चौपदरी झाला असला, तरी धारवाडच्या नरेंद्रपासून हुबळीच्या गब्बूरपर्यंतचा सुमारे तीस किलोमीटरांचा हा तुकडा त्या काळी दोनच पदरांचा होता. रुंदीकरणाचे काम पुढे हाती घेण्यात आले. मध्ये दुभाजक नाही आणि समोरून मालमोटारींची रांग, अशी त्याची अवस्था होती. याच रस्त्यावर इट्टिगट्टीजवळ 15 जानेवारी 2021 रोजी दावणगेरेहून गोव्याच्या सहलीस निघालेल्या मैत्रिणींच्या गाडीची टिप्परशी टक्कर होऊन दहाहून अधिक जणांचा अंत झाला, हे पुष्कळांच्या स्मरणात असेल. तो अपघात चाकामुळे घडलेला नव्हे. परंतु रस्ता कसा होता, हे त्यावरून कळावे.

दिवस मावळतीला आला होता. एकाएकी गाडी उजवीकडे ओढू लागली आणि मागून फडफड असा आवाज येऊ लागला. मागचे उजवे चाक बसले होते. पुतण्याने जागच्या जागी, जेमतेम रस्त्याच्या काठाला लागून गाडी उभी केली. मुले आतच झोपली होती, मातोश्रींच्या हातात जपमाळ होती, आणि आम्ही दोघे खाली उतरून लगेच जॅक लावावयास बसलो. दुपारी पाऊस पडून गेला होता. त्या भागातील जमीन काळी. ओली झाली म्हणजे तिच्यात पाऊल रुतते, तेथे जॅकचे ते एवढेसे बूड काय टिकणार? गाडी चार बोटे वर आली नाही तोच जॅक कलंडला. पुतण्या वाकून खाली पाहत होता. त्याने हात मागे घेतला आणि गाडी धपकन खाली बसली. त्याच क्षणी एक मालमोटार इतक्या जवळून गेली की तिच्या वाऱ्याने आमची टोपी उडाली.

पुढे एका सज्जन मालमोटारचालकाने थांबून लाकडी फळी दिली, आमच्या पुढच्या चाकाला दगडाची उटी लावली, आणि चाक बदलून झाले. जादा चाकातही हवा अर्धीच होती. रखडत रखडत रात्री आम्ही कमरीपेठेत पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी यजमानांनी आम्हांस जवळच्या एका पंक्चर काढणाऱ्या वृद्ध मिस्त्रींकडे नेले. कानडी, मराठी आणि हिंदी या तिन्ही भाषा ते एकाच वाक्यात बोलत. आम्ही मोठ्या उत्साहाने त्यांना रात्रीची हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ट्यूब पाण्यात बुडवीत विचारले, ‘‘अहो काका, चाक कसं बदललं ते राहू द्या. गाडी कुठं उभी केली होती ते सांगा.’’ आम्ही सांगितले. ते म्हणाले, ‘‘आणखी पाव मैल हळूहळू गेला असता तर काय झालं असतं?’’ टायर खराब झाला असता, असे आम्ही उत्तरलो. त्यावर त्यांनी आमच्याकडे ज्या दृष्टीने पाहिले, ती आम्ही अद्याप विसरलो नाही.

वाचकहो, या लेखातील मुख्य गोष्ट हीच आहे. चाक बदलणे हे काम अवघड नाही. दहावीतील मुलालाही ते एका दुपारी शिकविता येते. धोका असतो तो जागेत. हवा गेल्यावर आपले सर्व चित्त त्या बसलेल्या चाकाकडे लागते, आणि पाठीमागून येणाऱ्या रस्त्याचे भानच राहत नाही. टायर वाचविण्यासाठी माणूस जागच्या जागी थांबतो आणि स्वतःची पाठ मालमोटारींकडे करून बसतो. बसलेल्या चाकावर सावकाश चालत गेल्याने फार तर टायर जाईल, क्वचित लोखंडी चकतीही वाकेल. जाऊ द्यावी. दोन्ही बाजारात मिळतात.

तेव्हा गाडी ओढू लागली असता प्रथम ब्रेक दाबू नये. सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरावे, वेग देणारा पाय हळूहळू उचलावा आणि गाडीला आपोआप मंद होऊ द्यावे. भरवेगात टायर फुटला असता जोराने ब्रेक मारणारे कित्येक जण उलटतात. मग चारी दिवे मिचकावीत, डाव्या कडेने, बैलगाडीच्या चालीने पुढे जावे आणि जागा शोधावी. पेट्रोलपंप, ढाबा, एखाद्या गावाचा फाटा किंवा रुंद, सपाट व कठीण जमीन पाहावी. वळणावर, चढाच्या माथ्यावर आणि पुलावर कदापि थांबू नये. तेथे मागच्या चालकाला आपण दिसतो ते फार उशिरा.

दिसण्याविषयी एक हिशेब सांगतो. ताशी 80 किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सुमारे 22 मीटर जाते. गाडीमागे 50 मीटरांवर, म्हणजे साधारण सत्तर पावलांवर, लाल चमकता त्रिकोण ठेवावा असे सांगतात. ते अंतर अशी गाडी सव्वादोन सेकंदांत कापते! तेवढ्या अवधीत चालकाने त्रिकोण पाहावयाचा, समजावयाचा आणि गाडी वळवावयाची. म्हणून गावच्या रस्त्यावर सत्तर पावले पुरली, तरी महामार्गावर आणखी तितकीच चालावी, आणि घाटात तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे ठेवावा. तो ठेवण्यास जाताना चमकती बाजू समोर धरून, रस्त्यावरून नव्हे तर कडेच्या मातीवरून चालावे. नव्या मोटारीबरोबर हा त्रिकोण मिळतो. पुष्कळांच्या घरी तो अजून पिशवीतच आहे, हे आम्ही पाहिले आहे.

त्याआधी माणसे उतरवावीत. सर्वांनी डाव्या दाराने उतरून रस्त्यापासून दूर, कठडा असल्यास त्याच्या पलीकडे उभे राहावे. ‘बाळ झोपले आहे, त्याला कशाला उठवायचे’ हा विचार त्या रात्री आम्हीही केला होता. मागून धक्का बसतो तो प्रथम उभ्या गाडीलाच. झोपलेल्या बाळाला कुशीत घ्यावे आणि म्हातारीला हात द्यावा. पाऊस असला तर छत्री धरावी, पण गाडीत कोणी राहू नये. गाडीच्या मागेही कोणी उभे राहू नये, कारण आपल्या अंगाने मागचा लाल दिवाच झाकला जातो.

उजव्या अंगाचे चाक बसले असेल, रात्र असेल आणि कडेला जागाच नसेल, तर चाक बदलूच नये. दूर उभे राहून मदत मागवावी. राष्ट्रीय महामार्गावर 1033 या क्रमांकावर आणि कोणत्याही संकटात 112 या क्रमांकावर दूरध्वनी करता येतो. यात कमीपणा कसला?

जागा चांगली मिळाली तर मात्र स्वस्थपणे काम करावे. हातब्रेक ओढावा आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. बहुतेक गाड्यांत हातब्रेक मागच्या दोन चाकांनाच लागतो. मागचे एक उचलले की सारा भार उरलेल्या एकावर पडतो. म्हणून बसलेल्या चाकाच्या तिरप्या कोपऱ्यातील चाकाला पुढून मागून दगडाची उटी लावावी. मग गाडी जमिनीवर असतानाच नट एकेक फेरा सैल करावेत. गाडी उचलल्यावर नटांशी झोंबाझोंबी केली की ती हालते आणि जॅक निसटतो. नट डावीकडे फिरविले की सैल होतात. गंजले असतील तर पान्यावर हाताने नव्हे, पायाने भार द्यावा.

जॅक कोठे लावावयाचा ती जागा प्रत्येक गाडीला नेमलेली असते. चाकाजवळ, खालच्या काठाला खाच किंवा खूण असते. ती घरी दिवसाउजेडी पाहून ठेवावी. काळ्या मातीत, वाळूत किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर जॅकखाली फळी हवीच. आमच्या गाडीत तेव्हापासून वीतभर रुंदीची एक सागवानी फळी कायमची आहे. जादा चाक प्रथम बाहेर काढून, ज्या बाजूला काम चालले आहे तेथे गाडीच्या पोटाखाली आडवे सरकवून ठेवावे. जॅक कलंडला तरी गाडी त्या चाकावर टेकेल. आणि जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली डोके, हात, पाय काहीच घालू नये, नट घरंगळून गेला तरीही. काठीने ओढून घ्यावा.

नवे चाक बसविताना नटाची निमुळती बाजू चाकाकडे येते. नट ओळीने आवळू नयेत. एक आवळला की समोरचा, असे आवळीत जावे, म्हणजे चाक सरळ बसते. हाताने बसतील तितके बसवून गाडी खाली घ्यावी आणि मग पान्याने पुरते आवळावेत. सुमारे 50 किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावून पाहावा. ही शेवटची गोष्ट जवळजवळ कोणीच करीत नाही.

आता त्या जादा चाकाविषयी, ज्याला आपण सारे ‘स्टेपनी’ म्हणतो. हा शब्द आला कोठून, याचे आम्हांस कुतूहल होते. बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉईड डनलॉप यांनी 1887-88 च्या सुमारास आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर तयार केला आणि प्रवासाचे हादरे कमी झाले. परंतु त्याबरोबर पंक्चरही आले. आरंभीच्या मोटारींना जादा चाकच नसे. भर रस्त्यात टायर उतरवून ठिगळ लावीत बसावे लागे. 1904 च्या सुमारास वेल्स प्रांतातील लानेली या गावी डेव्हिस नावाच्या बंधूंनी आरे नसलेली, टायर चढविलेली एक कडी तयार केली. ती बसलेल्या चाकावरच पकडींनी अडकवून पुढे जाता येई. त्यांचे दुकान स्टेपनी नावाच्या रस्त्यावर होते, म्हणून ते चाक स्टेपनी झाले. तो प्रकार केव्हाच नाहीसा झाला. इंग्लंडातही हा शब्द आता सहसा ऐकू येत नाही, आणि कमरीपेठेतील मिस्त्री मात्र तो रोज उच्चारतात!

स्टेपनीची कथा सांगितली ती तिची आठवण राहावी म्हणून. चार चाकांची हवा पाहताना पाचव्याची कोणी पाहत नाही. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना, पाचही पाहावीत. किती हवा हवी तो आकडा बहुधा चालकाच्या दाराच्या चौकटीवर चिकटविलेला असतो. टायर न वापरताही म्हातारा होतो. त्याच्या अंगावर चार आकडी खूण असते. 2319 असे असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यातील समजावा. काही गाड्यांची स्टेपनी बारीक असते. तिच्यावर ताशी 80 किलोमीटरच्या वर जाऊ नये आणि मूळ चाक लवकर दुरुस्त करून घ्यावे. टायरमध्ये ट्यूब नसेल आणि खिळा रुतलेला दिसला, तर तो उपटू नये. तो आत आहे तोवर हवा सावकाश जाते व जवळचे दुकान गाठता येते. 2020 साली झालेल्या नियमबदलाने, असे टायर, दुरुस्तीची पेटी आणि हवेचा दाब दाखविणारी व्यवस्था असलेल्या मोटारींना स्टेपनी न ठेवण्याची मुभा मिळाली आहे. तेव्हा नवी गाडी घेताना मागचे झाकण उघडून खाली काय आहे ते पाहावे. वेलांकणीच्या यात्रेत मध्यरात्री ते उघडून पाहण्यात अर्थ नाही.

आमच्याकडे बहुतेक गाड्यांत संत ख्रिस्तोफरचे चित्र असते. ते असावेच. परंतु प्रवाशांच्या या कैवाऱ्यावर सर्व भार टाकून जॅकला गंज चढू द्यावा, हे आम्हांस पटत नाही. एखाद्या रविवारी मिस्सेनंतर अंगणात गाडी उभी करावी आणि मुलामुलींनी, होय, मुलींनीसुद्धा, एक चाक काढून परत बसवावे. आमच्या घरी ही परीक्षा झाली. पुतण्यापेक्षा सून जलद निघाली, आणि जेवताना त्यावरून बरीच थट्टा झाली.

मिस्त्रींनी ट्यूबला ठिगळ लावले, स्टेपनीत हवा भरली आणि ठरलेलेच पैसे घेतले. आम्ही निघताना त्यांनी हात पुसत विचारले, ‘‘उटीचा दगड उचलला होता ना?’’

आम्ही एकमेकांकडे पाहिले. घाईत कोणीच उचलला नव्हता. नादुरुस्त मालमोटारीभोवती मांडलेले आणि ती गेल्यावर तसेच राहिलेले दगड आपण सर्वांनी पाहिले आहेत, त्यांना नावेही ठेवली आहेत. त्या रस्त्यावरून रात्रभर दुचाकीस्वार गेले असतील. लग्न लागेपर्यंत आमचे चित्त ठिकाणावर नव्हते. परतीच्या वाटेवर आम्ही ती जागा शोधून काढली. मातीत जॅकचा खड्डा तसाच होता. दगड रस्त्यावर नव्हता. कोणीतरी तो पलीकडच्या चरात ढकलून दिला होता.