गाळातल्या काचेच्या नोंदी

जूचंद्रच्या खाडीकाठी मिठागरात आणि पावसाळी डबक्यात डायटम नावाची एकपेशीय शैवालं वाढतात. पण खाऱ्या पाण्यातल्या जाती निराळ्या, गोड्यातल्या निराळ्या. त्यांचं कवच सिलिकाचं, म्हणजे जवळपास काचेचंच. शैवाल मरतं, कवच मात्र गाळात हजारो वर्षं टिकू शकतं आणि त्यावरच्या नक्षीवरून जात ओळखता येते. किती सुंदर सोय आहे ही!

या कवचांतून जुनं हवामान वाचण्यासाठी आर्क्टिकमध्ये संशोधक तळ्याच्या तळात नळी घालून गाळाचा उभा स्तंभ काढतात. थरांचं वय किरणोत्सारी कार्बन आणि शिसं यांवरून ठरतं. तळं बहुतेक काळ गोठलेलं असेल, तर तळाशी नि काठाशी राहणारे डायटम जास्त सापडतात. बर्फमुक्त काळ लांबला की सायक्लोटेलासारखे तरंगणारे वाढतात. अनेक आर्क्टिक तळ्यांत हा पालट साधारण १८५० नंतरच्या थरांत दिसतो.

आपल्याकडे लोणार सरोवराच्या गाळातही असंच वाचन झालं. तिथे मात्र गेलुसाइट खनिजाचे स्फटिक महत्त्वाचे ठरले. पाणी आटून फार खारं झालं की ते बनतात. त्यांवरून सुमारे ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस दीर्घकाळ क्षीण होता, असं २०१४च्या अभ्यासात मांडलं गेलं.