एग्मोरमधील राष्ट्रीय कलादालन

चेन्नईच्या एग्मोर भागात, 1851 साली स्थापन झालेल्या सरकारी संग्रहालयाच्या आवारात राष्ट्रीय कलादालनाची इमारत आहे. वास्तुविशारद हेन्री आयर्विन यांनी तिचा आराखडा केला आणि नंबेरुमाळ चेट्टी यांनी ती बांधली. 1906 मध्ये पायाभरणी झाली, तर 1909 मध्ये ‘व्हिक्टोरिया मेमोरियल हॉल’ या नावाने तिचे उद्घाटन झाले.

गुलाबी वालुकाश्मात उभारलेली ही वास्तू इंडो-सारासेनिक शैलीची आहे. इंग्रजी राजवटीत रुळलेल्या या शैलीत मुघल व अन्य भारतीय स्थापत्याची अंगे पाश्चात्त्य बांधकामतंत्राशी जोडली जात. कलादालनाच्या भव्य दर्शनी कमानीवर फतेहपूर सिक्रीच्या बुलंद दरवाजाची छाप स्पष्ट दिसते. छत्र्या, नक्षीकाम आणि कमानींची रचना यांतूनही मुघल परंपरा जाणवते. मुघल राजधानीपासून इतक्या दूर, द्राविडी मंदिरांच्या प्रदेशात ती रुजली, हे विशेष.

1908 मध्ये सुरू झालेले एग्मोर रेल्वेस्थानकही याच शैलीतले आहे. मुंबईत जॉर्ज विटेट यांनी आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयासाठी हीच वाट धरली; तेथील घुमटाला विजापूरच्या गोलघुमटाचा आधार आहे.