सरावाचे काडतूस कसे निवडावे?

जाकार्ता-पालेम्बांग येथे २०१८ मध्ये झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकाराच्या अंतिम फेरीत कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची स्पर्धक यांची ३४-३४ अशी बरोबरी झाली. निर्णय शूट-ऑफवर गेला. राहीने सुवर्ण जिंकले आणि आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्णपदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. अशा क्षणी एक गोळी पदकाचा रंग बदलते. तो एक अचूक नेम साधण्यासाठी आधी सरावात हजारो गोळ्या झाडाव्या लागतात. त्यामुळे सरावासाठी कोणते काडतूस घ्यावे, हा प्रश्न नव्या नेमबाजाला आणि त्याच्या पालकांना पहिल्याच वर्षी पडतो.

या प्रकारात .२२ लाँग रायफल, म्हणजे ५.६ मिलिमीटर व्यासाचे काडतूस वापरले जाते. नावात 'रायफल' असले, तरी पिस्तुलातही तेच चालते. पितळी पुंगळी, तिच्या कडेच्या आत भरलेले स्फोटक मिश्रण, थोडी दारू आणि पुढे सुमारे २.६ ग्रॅम वजनाची शिशाची गोळी अशी त्याची रचना असते. हे मिश्रण कडेत सर्वत्र सारखे भरले गेले नसेल, तर काडतूस फुसके निघते. स्वस्त काडतुसांत हा दोष अधिक आढळतो.

मर्यादा कोट्याची

आपल्याकडे काडतुसांची खरेदी परवान्यावरच होते आणि तिला वार्षिक मर्यादा असते. केंद्रीय गृह मंत्रालयाने २०२० मध्ये नेमबाजांसाठी .२२ काडतुसांची मर्यादा १,००० वरून ५,००० वर, तर अन्य पिस्तूल व रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांची ६०० वरून २,००० वर नेली. हा मोठाच दिलासा होता. तरीही हिशेब मांडून पाहावा. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल स्पर्धेत ३० गोळ्या संथ टप्प्यात आणि ३० जलद टप्प्यात झाडाव्या लागतात. शिवाय दोन्ही टप्प्यांपूर्वी चाचणीच्या पाच-पाच गोळ्या असतात. म्हणजे एका पूर्ण स्पर्धेला ७० काडतुसे लागतात. वर्षाला ५,००० काडतुसे म्हणजे आठवड्याला जेमतेम ९६. जुन्या मर्यादेत हाच आकडा १९ होता. त्यातून दर्जेदार स्पर्धात्मक काडतुसे परदेशी बनावटीची आणि महाग. त्यामुळे प्रत्येक गोळीतून काय शिकायचे, हे आधी ठरवणे भाग पडते.

वेग नको, सातत्य हवे

दुकानात 'हाय व्हेलॉसिटी' लिहिलेली पेटी पाहून ती अधिक चांगली असावी, असा नवख्याचा समज होतो. नेमबाजीत तो चुकीचा आहे. जादा वेगाबरोबर हाताला बसणारा धक्काही वाढतो. जलद टप्प्यात लक्ष्य प्रत्येक गोळीसाठी केवळ तीन सेकंद समोर असते, मध्ये सात सेकंदांचा अवकाश असतो. अशा वेळी धक्का कमी आणि प्रत्येक वेळी सारखाच असणे महत्त्वाचे ठरते. म्हणून ध्वनीच्या वेगापेक्षा कमी वेगाचे 'स्टँडर्ड व्हेलॉसिटी' किंवा खास पिस्तुलासाठी बनवलेले काडतूस निवडावे. मात्र फारच सौम्य काडतूसही उपयोगी नाही. स्वयंचलित भरणीच्या पिस्तुलात आधीची पुंगळी बाहेर फेकून पुढचे काडतूस आत घेण्याचे काम याच धक्क्यावर चालते. धक्का अपुरा पडला, की पुंगळी अडकते.

पिस्तुलालाच विचारा

एका पिस्तुलाला मानवणारे काडतूस दुसऱ्याला मानवेलच असे नाही. त्यामुळे एकदम मोठा साठा न घेता दोन-तीन प्रकारांची एकेक पेटी आणावी. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली मनगटाला आधार देऊन २५ मीटरवरून प्रत्येक प्रकाराच्या दहा गोळ्या झाडाव्यात आणि छिद्रांचा पसारा मोजावा. संथ टप्प्याच्या लक्ष्यातील दहा गुणांचे वर्तुळ ५० मिलिमीटर व्यासाचे असते. दहाही छिद्रे या वर्तुळात आरामात मावली आणि एकही काडतूस अडकले वा फुसके निघाले नाही, तर सरावासाठी याहून महाग काडतुसाची गरज नाही. पसंत पडलेल्या काडतुसाच्या पेटीवरील लॉट क्रमांक टिपून ठेवावा आणि शक्यतो त्याच लॉटची खरेदी करावी. कारण नाव तेच असले तरी लॉटनुसार थोडा फरक पडू शकतो.

याहून महाग का नको, याचे उत्तर साध्या गणितात आहे. नियमानुसार या पिस्तुलाची मागची खाच आणि पुढची माशी यांतील अंतर जास्तीत जास्त २२० मिलिमीटर असते. माशी खाचेत केवळ ०.२२ मिलिमीटर सरकली, तरी २५ मीटरवर गोळी २५ मिलिमीटर बाजूला जाते, म्हणजे दहाच्या वर्तुळाच्या थेट कडेवर. चाप ओढताना होणारी एवढी चूक जगातले सर्वांत महाग काडतूसही भरून काढू शकत नाही. उत्तम काडतुसे स्पर्धेसाठी आणि तिच्या आधीच्या काही दिवसांसाठी राखून ठेवावीत.

काडतुसाविना सराव

चापावरील नियंत्रण शिकण्यासाठी काडतूस लागतेच असे नाही. वाशीम जिल्ह्यातील जऊळक्यासारख्या, अकोला-पूर्णा रेल्वेमार्गावरील गावातल्या मुलामुलींना २५ मीटरची रेंज सहज गाठता येणार नाही. पण १० मीटर एअर पिस्तुलाचा सराव छोट्या जागेत, योग्य अडसर उभारून करता येतो. त्याचे ४.५ मिलिमीटरचे छर्रे बरेच स्वस्त असतात आणि विहित मर्यादेतील एअर पिस्तुलाला परवानाही लागत नाही. दुसरा मार्ग कोऱ्या सरावाचा. पिस्तूल रिकामे असल्याची दोनदा खात्री करून, काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवून, भिंतीसमोर चाप ओढण्याचा अभ्यास करावा. मात्र .२२ पिस्तूल तसेच रिकामे चालवल्यास आतील पिन काडतुसाच्या जागेच्या कडेवर आदळून नुकसान होऊ शकते; त्यासाठी पिस्तुलातील खास सोय किंवा प्लॅस्टिकचे नकली काडतूस वापरावे.

थोडी सावधगिरी

आत्मसंरक्षणाचा परवाना असलेल्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. बोलण्यात दोन्हींना '.३२' म्हटले जात असले, तरी रिव्हॉल्व्हरचे .३२ लाँग आणि पिस्तुलाचे ७.६५ मिलिमीटर ही वेगवेगळी काडतुसे आहेत. एकाच्या जागी दुसरे कधीही वापरू नये. नळीवर कोरलेले नाव आणि पेटीवरचे नाव जुळलेच पाहिजे.

काडतुसे कोरड्या, थंड आणि कुलूपबंद जागी ठेवावीत. विदर्भाच्या उन्हाळ्यात बंद मोटारीत राहिलेल्या पेटीतील गोळ्यांवरचे मेण वितळते आणि वेगातले सातत्य बिघडते. चाप ओढूनही बार उडाला नाही, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान ३० सेकंद थांबावे आणि मग प्रशिक्षकाला सांगावे. बार नेहमीपेक्षा फुसका वाटला, तर पुढची गोळी झाडण्यापूर्वी पिस्तूल रिकामे करून नळीत काही अडकले नसल्याची खात्री करून घ्यावी. सरावानंतर हात साबणाने धुतल्याशिवाय काही खाऊ नये. शिशाची धूळ डोळ्यांना दिसत नाही, पण ती शरीरात जाते.

सरावाची वही ठेवणाऱ्या नेमबाजाला वर्षअखेरीस एक हिशेब सहज मांडता येतो: किती काडतुसे संपली आणि त्यांतील किती विचारपूर्वक झाडली. प्रगती अवलंबून असते ती या दुसऱ्या आकड्यावर.