घोडं गेलं, खोगीर राहिलं

तुम्ही अकोल्यात, अमरावतीत नाहीतर पुण्यात शिकत असाल, तर तो कॅफे तुम्ही पाहिलेलाच आहे. कुठलाही घ्या. भिंतीला मुद्दाम प्लास्टर नाही, वर पिवळे बल्ब आणि कोपऱ्यात ‘व्हिंटेज’ म्हणून मांडलेला कुणाचा तरी संसार. पितळी बंब, तडकलेल्या काचेचा कंदील, टांग्याचं चाक, भिंतीवर टांगलेली एखादी लोखंडी रिकीब. तुम्ही चाकाला टेकून रील केलंत, महागडी कोल्ड कॉफी प्यायलात आणि होस्टेलवर परत आलात. आता सांगा, ते चाक कुणाच्या दारातलं होतं? त्या टांग्याला जुंपलेल्या घोड्याचं नाव काय होतं?

कॅफेवाल्याला माहीत नाही. ज्यानं त्याला विकलं त्यालाही नाही. आणि कदाचित ते चाक तुमच्याच गावचं असेल!

हिवरखेडचं उदाहरण घेऊ. अकोला जिल्हा, तेल्हारा तालुका, मागे सातपुड्याची रांग, पुढे काळी जमीन. इथल्या एखाद्या जुन्या घराच्या माळ्यावर चढा किंवा कोठ्याच्या मागच्या खोलीत डोकवा. बैलांच्या घुंगरमाळा असतातच, पण नशीब चांगलं असेल तर कोपऱ्यात घोड्याचंही सामान निघतं. आतला भुसा बाहेर आलेलं खोगीर. घोड्याचं अंग घासायचा लोखंडी खरारा. दाणा खाऊ घालायला तोंडाला बांधायची पिशवी, म्हणजे तोबरा. डोळ्यांच्या बाजूला लावायची कातडी झापडं. घरातल्या नव्या पिढीला यातलं काय कशाचं हे ओळखता येत नाही, म्हणून सगळ्याला मिळून एकच नाव आहे, ‘भंगार’.

गंमत म्हणजे हे सामान आपण रोज तोंडानं वापरतो. प्रोजेक्टची पानं वाढवायला उगाच काहीबाही घातलं की सर म्हणतात, ‘ही खोगीरभरती कशाला?’ खोगिरात चिंध्या आणि गवत भरत, त्यावरून हा शब्द आला. खर्रा खाणाऱ्या मित्राच्या तोंडात तोबरा असतो. हट्टी माणसाचे विचार झापडबंद असतात. निवडणुकीच्या बातम्यांत प्रत्येक नेत्याचे ‘शिलेदार’ असतात. आमच्या क्षेत्रातल्या मंडळींनी हा शब्द जरा जपून वापरायला हवा, कारण शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येणारा स्वार. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. आता आजच्या पुढाऱ्यांचे किती शिलेदार स्वतःच्या घोड्यावर येतात ते तुम्हीच बघा.

हे शब्द वऱ्हाडात पुस्तकातून आलेले नाहीत. जुन्या मीटरगेज रेल्वेनं अकोटहून हिवरखेडला जाताना आधी अडगाव लागायचं. ते अडगाव इंग्रजांच्या इतिहासात ‘अरगॉम’ म्हणून आहे. 29 नोव्हेंबर 1803 ला या मैदानात आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन, नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजेशी लढला. त्याआधी दोनच महिने असईच्या लढाईत त्याचा एक घोडा त्याच्याखालीच मारला गेला होता आणि दिओमेद नावाच्या त्याच्या अरबी घोड्याला भाला लागला होता. अडगावची लढाई दिवस कलता कलता सुरू झाली. तोफखान्याच्या माऱ्यानं कंपनीचे काही शिपाई घाबरून मागे पळाले, त्यांना वेलस्लीनं स्वतः वळवून आणलं. शेवटी मराठी फौज मोडली आणि कंपनीच्या घोडदळानं चांदण्यात पाठलाग केला. त्यानंतर 15 डिसेंबरला गाविलगड पडला आणि 17 डिसेंबरला देवगावचा तह झाला. त्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेला. म्हणजे तुमच्या बसच्या खिडकीतून जे कपाशीचं शेत दिसतं, त्या बाजूला तीन आठवड्यांत एका प्रांताचा मालक बदलला. मी स्वतः या रस्त्यानं कितीदा गेले असेन, कानात इअरफोन घालून.

आणि इथून ‘अँटिक’ची गोष्ट सुरू होते.

1851 मध्ये ब्रिटिशांनी हिंदुस्थानातल्या जुन्या लढायांसाठी चांदीचं एक पदक काढलं, ‘आर्मी ऑफ इंडिया मेडल’. लढायांच्या नावाच्या पट्ट्या त्यावर बसवलेल्या असत, त्यातली एक ‘अरगॉम’. अट अशी की अर्ज करायला तुम्ही जिवंत असायला हवं. लढाईला तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षं झालेली! त्यामुळे ते मिळालेले थोडेच, आणि आज लंडनच्या लिलावात असं पदक आलं की संग्राहक तुटून पडतात. पण चांदी तरी किती असते त्यात? भाव चांदीचा नसतोच. पदकाच्या कडेवर शिपायाचं नाव कोरलेलं असतं आणि ते नाव पलटणीच्या कागदांशी ताडून बघता येतं. हा माणूस, ही पलटण, ही लढाई. त्या नावामुळे भाव येतो. त्याच मैदानात आपल्या बाजूनं जो स्वार होता, त्याच्या रिकिबीवर कुणी काही कोरलं नव्हतं. ती एखाद्या घरात राहिली असेल, तर तिची ओळख फक्त घरातल्यांच्या बोलण्यात राहिली. बोलणं थांबलं की ते किलोवर मोजायचं लोखंड.

गावातून शहरात वस्तू कशी जाते, ते तर तुम्ही पाहिलंच आहे. लोडिंग रिक्षा येते, स्पीकरवर आवाज, ‘जुनं-पुरानं, तांबा-पितळ, मोडकी सायकल…’. घरात स्लॅब टाकायचा असतो, माळा रिकामा करायचा असतो. आई सुटकेचा श्वास सोडते. पितळेला एक भाव, लोखंडाला एक भाव, लाकूड फुकट. मग जिल्ह्याच्या गावचं गोदाम, तिथून मुंबईचा चोरबाजार किंवा एखादं ‘रस्टिक डेकोर’चं दुकान, आणि तिथून तो कॅफे. या प्रवासात प्रत्येक मुक्कामाला किंमत वाढते आणि माहिती कमी होते. मला यात भंगारवाल्याचा दोष वाटत नाही. तो वजन करतो, तेवढंच त्याचं काम. माहिती हरवते ती आपल्या दारातच.

इथे दोन कायदे माहीत असू द्या, कारण कॉलेजात ते कुणी सांगत नाही. पुरावशेष व कलानिधी अधिनियम, 1972 सालचा. शंभर वर्षांहून जुनी शिल्पं, चित्रं, नाणी, कलाकुसरीच्या वस्तू यात ‘पुरावशेष’ ठरतात. महत्त्वाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. अशा वस्तूंचा धंदा करायचा तर परवाना लागतो, मूर्ती, चित्रं, सचित्र पोथ्या अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे कुणी इन्स्टाग्रामवर तुमच्या देवघरातल्या जुन्या मूर्तीला डॉलरमध्ये भाव सांगत असेल, तर सरळ ब्लॉक करा.

दुसरा कायदा त्याहून जुना, 1878 चा, जमिनीत सापडलेल्या धनाचा. नांगरताना, पाया खोदताना दहा रुपयांहून अधिक किमतीचं गाडलेलं काही निघालं तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक आहे. दहा रुपये 1878 चे, रक्कम कुणी बदलली नाही! ‘सरकार सगळंच घेऊन जातं’ असं पारावर ठामपणे सांगितलं जातं, पण कायदा तसा नाही. त्या धनावर कुणाचा हक्क सिद्ध झाला नाही, तर ज्याला सापडलं त्याला तीन चतुर्थांश आणि जमिनीच्या मालकाला एक चतुर्थांश, अशी त्यात वाटणी आहे. सरकारला ते ठेवून घ्यायचं असेल तर त्याच्या किमतीवर आणखी पाचवा हिस्सा देऊन घ्यावं लागतं. लपवलं तर मात्र वाटा जातो आणि शिक्षाही होऊ शकते. ज्या पट्ट्यात लढाया झाल्या, तिथल्या शेतकऱ्याच्या पोरांना हे पाठ पाहिजे.

पण खोगीर, तोबरा, खरारा या वस्तू बहुतेक वेळा कुठल्याच कायद्यात बसत नाहीत. पुरेशा जुन्या नाहीत, पुरेशा सुंदर नाहीत. अशा वस्तूंसाठी एका माणसानं आयुष्य घातलं. पुण्यातलं राजा केळकर संग्रहालय तुम्ही कॉलेज ट्रिपला पाहिलं असेल, धावत धावत. दिनकर केळकर चष्म्याचे व्यापारी होते. अडकित्ते, दिवे, कुलपं, स्वयंपाकघरातली भांडी, लोक टाकून देतील अशा वस्तू त्यांनी गावोगाव फिरून जमवल्या, आणि लहानपणीच गेलेल्या आपल्या राजा या मुलाचं नाव संग्रहाला देऊन तो सरकारला देऊन टाकला. पुन्हा गेलात तर एखाद्या अडकित्त्यासमोर पाच मिनिटं थांबून बघा. आपल्याकडे नागपूरचा अजब बंगला आहेच, 1863 पासूनचा. सुट्टीत तिकडे गेलात तर नुसता सेल्फी नको.

वस्तूंचं झालं, घोड्यांचं काय? मुंबईत व्हिक्टोरिया गाड्या बंद करायला हायकोर्टानं 2015 मध्ये सांगितलं. जनावरांच्या हालांचा विचार करता मला तो निर्णय योग्यच वाटतो. पण आपल्या अकोला-अकोटकडचे टांगे कुठल्याही कोर्टानं बंद केले नाहीत. ते ऑटोनं आणि काळी-पिवळीनं बंद केले. देशाच्या पशुगणनेत 2012 ला सव्वासहा लाखांच्या आसपास घोडे आणि तट्टू होते, 2019 ला ते साधारण तीन लाख चाळीस हजारांवर आले. सात वर्षांत जवळजवळ निम्मे. आता आपल्याकडे घोडा दिसतो तो लग्नात. डीजेच्या भिंतीपुढे, डोळ्यांवर लाईट, वर शेरवानीत घाबरलेला नवरदेव. सीझन संपला की घोडीवाल्याला दाणा-चारा मात्र बाराही महिने लागतो.

तरी सगळं संपलेलं नाही. भीमा खोऱ्यातल्या धनगरांच्या कळपांबरोबर बिऱ्हाड वाहून नेणारी भीमथडी घोडी आजही चालतात. बुटकी, काटक, डोंगरवाटेला न थकणारी. मराठ्यांच्या दौडी ज्या घोड्यांवर झाल्या त्यांचे हे वंशज मानले जातात. कित्येक वर्षं सरकारदरबारी या जातीला नावच नव्हतं. 2024 च्या सुरुवातीला तिची अधिकृत नोंद झाली. आणि दत्त जयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी सारंगखेड्याला चला, तिथे घोड्यांचा बाजार भरतो. मारवाडी, काठियावाडी, पांढरेशुभ्र नुकरा, लाखोंच्या बोल्या. तिथला व्यापारी घोड्याच्या कपाळावरचा भोवरा बघून अर्धा तास बोलू शकतो. वस्तूची माहिती वस्तूबरोबर ठेवणं म्हणजे काय, ते तिथे ऐकून घ्या.

शहराशी आपला संबंधही घोड्याच्या वाटेनंच बदललाय. हिवरखेडहून अकोल्याला जायचं तर मीटरगेजची गाडी होती, ती 2017 उजाडताना बंद पडली. अकोला ते अकोट नवी ब्रॉडगेज गाडी नोव्हेंबर 2022 मध्ये सुरू झाली, तर पुढचा मार्ग मेळघाटचं जंगल टाळून बाहेरून न्यायचं ठरलं. त्या जुन्या गाडीचं पुठ्ठ्याचं तिकीट तुमच्या घरात कुणी पाकिटात ठेवलं असेल, तर तेही भंगारात जायच्या आधी मागून घ्या. वीस-पंचवीस वर्षांनी एखाद्या कॅफेत फ्रेम करून लावलेलं दिसेल.

करायचं काय, तर फार काही नाही. फोन आहेच हातात. वस्तूचा फोटो काढा, पण त्याआधी ती चिंचेनं घासून चकचकीत करू नका, जुनेपणाची खूण तीच असते. मग रेकॉर्डर सुरू करा आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. वस्तूबद्दल विचाराल तर उत्तर ठरलेलं, ‘कायले पाह्यजे तुले ते?’ हिवरखेडला एका आजोबांनी मलाही हेच विचारलं. त्यांच्या वडिलांचा टांगा होता, स्टेशन ते बाजार. टांगा कुणाला विकला, केवढ्याला, कोणत्या साली, काही आठवेना. खोगीर माळ्यावर आहे की नाही, तेही माहीत नव्हतं.

मग मी घोड्याचं नाव विचारलं.

‘घोडा नव्हता, घोडी होती,’ आजोबा म्हणाले आणि खाटेवर सरळ होऊन बसले. ‘मोती नाव तिचं. मोती गड्याचं नाव असते म्हणून लोक हासत. पन बाबानं ठेवलं तं ठेवलं. गाडीची शिटी वाजली का तिचे कान उभे. बाबा घरात जेवत असले तरी थे आपल्याच मनानं स्टेशनाकडे तोंड फिरवे…’

माझ्या फोनमध्ये त्यापुढची बेचाळीस मिनिटं आहेत.